पेपरानं मला अडाणी केलं

साल १९९४. मी अठ्ठावन्न वर्षांचा. म्हणजे शाळेच्या दाखल्याप्रमाणे. दाखल्यावर जन्मतारीख एक जून आहे, आणि आमच्या बौद्धवाड्यातल्या सगळ्या पोरांची तीच आहे. गुरुजींनी एका बैठकीत लिहून टाकली.

त्या साली चावडीत माझ्या हातात पाटी दिली.

साक्षरतेचा कार्यक्रम होता. जीपमधून साहेब आले. मागोमाग पेपरवाला, गळ्यात कॅमेरा. फोटोला म्हातारा माणूस पाहिजे होता. ग्रामसेवकानं बोट केलं, "ए म्हातारबा, धोतरवाल्या, पुढं ये." मी टोपी सावरून पुढं गेलो. वाटलं, काही विचारतील. कोणी काही विचारलं नाही. सतरंजीवर बसवलं. मांडीवर पाटी. तिच्यावर आधीच 'अ' काढून ठेवलेला. एका मास्तरानं माझं बोट धरलं आणि त्या 'अ'वरून फिरवायला लागला.

"साहेब, मला वाचता येतं," मी म्हणालो.

साहेब हसले. "मग तर फारच छान. आता जरा खाली बघा."

मी खाली बघितलं. ती चूक माझी. मान खाली घालायची सवय बापजाद्यांपासूनची, साहेबांना आयती मिळाली.

मी दुसरी पास. पुढचं शिकलो चांदवडला हमाली करताना. कांद्याच्या गोण्यांवरची नावं, ट्रकवरच्या पाट्या, दुकानांचे बोर्ड. वाचत वाचत वाचायला आलं. मग बावीस वर्षं रोज सकाळी फाट्यावर जायचो. पहिल्या एसटीनं पेपरचा गठ्ठा यायचा. त्यातला एक घ्यायचा आणि समाजमंदिराच्या ओट्यावर बसून वाड्याला वाचून दाखवायचा. कोणी मधेच म्हणालं, 'असं कसं होईल बाबा?' तर मी गप्प करायचो. "छापून आलंय. तू शहाणा का पेपर शहाणा?"

तिसऱ्या दिवशी माझा फोटो आला. मीच पेपर उघडला, मीच बघितला. खाली लिहिलं होतं: 'अठ्ठावन्न वर्षे निरक्षरतेच्या अंधारात काढलेल्या या आजोबांना एका महिन्यात अक्षरांचा प्रकाश दिसला.'

ती ओळ मी पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचली.

"वाचा ना बाबा," लोक म्हणाले. "तुमचाच फोटो दिसतोय."

गाळून पुढं जाता आलं असतं. कोणाला कळलं असतं? पण बावीस वर्षांत एक ओळ गाळली नव्हती. वाचलं. मोठ्यानं.

मग वाड्यातला दगडू बोलला. त्याची जीभ म्हणजे विळा. "आयला बाबा! मंग इतकी वर्सं आम्हाला मनानंच सांगत होता का?"

सगळे हसले. मीही हसणार होतो. तेवढ्यात भागाबाई उठून जवळ आली. ती हसत नव्हती.

भागाबाईचा एकुलता पोरगा भांडून मुंबईला गेला होता आणि तिकडंच वारला. त्याआधी त्याचं एक पत्र आलं होतं. मीच वाचून दाखवलं होतं. त्यात लिहिलं होतं, आई, माझ्या मनात तुझ्यावर राग नाही. त्या एका ओळीवर ती बाई इतकी वर्षं जगली. पत्र पुढं घर गळलं तेव्हा भिजून लगदा झालं. राहिला तो फक्त माझा शब्द.

"दादा," ती हळू म्हणाली, "त्यात खरंच तसं लिव्हलं व्हतं का? का मला बरं वाटावं म्हून सांगितलं?"

"लिहिलं होतं, बाई."

"पन तुला तर वाचता येत नव्हतं. छापून आलंय."

माझंच वाक्य.

तसाच एसटीत बसलो आणि नाशिकला पेपरच्या हापिसात गेलो. दोन तास बाकड्यावर बसवलं. मग एक साहेब आला, चष्मेवाला, गोड बोलणारा. मी म्हणालो, "बातमी खोटी आहे. मला पहिल्यापासून वाचता येतं."

"असं? मग वाचून दाखवा."

त्याच्याच टेबलावरचा पेपर उचलला. अग्रलेख घेतला. अर्धा घडाघडा वाचला, एकाही ठिकाणी अडखळलो नाही.

साहेबानं टाळी वाजवली. शेजारच्याला म्हणाला, "बघ, महिन्याभरात केवढी प्रगती! फॉलोअप करायला पाहिजे."

मी उभा राहिलो. "साहेब, तुमचा माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्यानं मला एक प्रश्न विचारला नाही."

"आजोबा, गरिबाचा फोटो येतो का कधी पेपरात? तुमचा आला. आनंद माना. चहा घ्या."

चहाला हात लावला नाही.

येताना खिडकीशी बसून एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. मी समोर बसलो असताना माझ्याबद्दल हे असं छापतात. मग जिथं मी नव्हतो, तिथलं काय? एकदा खळ्यावर मार खाल्लेला माणूस माझ्याकडं पाठ उघडी करून आला होता. वळ होते. मी त्याला पेपर दाखवला. पेपरात 'किरकोळ बाचाबाची' होती. मी म्हणालो, "छापून आलंय." त्यानं सदरा खाली ओढला आणि गेला. त्याच्या पाठीपेक्षा मी कागदाला मानलं. साहेबानं माझ्याशी केलं, तेच मी त्याच्याशी केलं होतं.

संध्याकाळी भागाबाईकडं गेलो. ती तांदूळ निवडत होती. "बाई, पत्रात तसंच होतं." ती म्हणाली, "बरं." मान वर केली नाही. तिचा विश्वास गेला तो गेला. तो मला परत आणता येणार नव्हता.

पण त्या ओट्यावरून न तपासलेलं अक्षर आता कोणाच्या कानात जाणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर पेपर घेतला. आत बातमी होती: शेजारच्या गावाला नळाचं पाणी आलं. गाव कोसभर लांब. लोक ओट्यावर वाट बघत होते, त्यांना म्हणालो, "थांबा. येतो."

चालत गेलो. गावात शिरताच नळ. तोटी फिरवली. पाणी आलं. चांगलं धो-धो. बातमी खोटी नव्हती. घागर भरणाऱ्या बाईनं विचारलं, "कोनच्या वस्तीचे, बाबा?" मी सांगितलं. तिनं घागर बाजूला सरकवली. मी तिथंच ओंजळ धरून प्यालो आणि तसाच ओढा ओलांडून त्यांच्या बौद्धवाड्यात गेलो. सगळा वाडा फिरलो. एकही नळ नव्हता. बायका विहिरीच्या वाटेवर होत्या.

परत आलो तेव्हा ऊन वर आलं होतं. निम्मे लोक कामाला गेलेले. जेवढे होते तेवढ्यांसमोर बसलो आणि बातमी वाचली, एक ओळ न गाळता. मग पेपर घडी करून मांडीखाली घातला आणि जे छापलं नव्हतं ते सांगायला लागलो.