पाठमोरा बातमीदार

साठ सालानंतर अमरावतीच्या आमच्या कॉलेजात गणकयंत्रावर व्याख्यानं होऊ लागली. यंत्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. वृत्तांत लिहायला एका साप्ताहिकाचे बातमीदार यायचे. पांढरी टोपी, तोंडात पान. आल्या आल्या पहिल्या रांगेतली खुर्ची उलटी फिरवायचे आणि वक्त्याकडे पाठ करून खुशाल बसायचे.

मी गणिताचा प्राध्यापक. मला तो विषयाचा अपमान वाटे. एकदा हटकलंच, तर म्हणाले, "भाषन त वक्ता लिहूनच आनते, प्रोफेसरसाहेब. ऐकनारे काय करून रायले, थे कोन लिहीन?"

मग छापून यायचं : ‘यंत्राला शून्य आणि एक एवढे दोनच अंक पुरतात, असे वक्ते म्हणताच वकीलसाहेबांनी जांभई दिली व ती तिसऱ्या रांगेपर्यंत पोचली.’ प्राचार्य चिडायचे, पण गावात आधी तेच वाचलं जायचं.

शेवटी माझी पाळी आली. महिनाभर तयारी केली होती. बोलायला लागलो, तेव्हा समोर नेहमीची पाठ होतीच. पण थोड्या वेळानं त्यांनी खुर्ची सरळ केली आणि एकटक माझ्याकडे बघू लागले. मला असा काही हुरूप आला, की अर्धा तास जास्तच बोललो.

चहाच्या वेळी राहवेना. विचारलं, "आज खुर्ची कशी काय फिरवली?"

"काय करता जी? समदे झोपले. हालमंदी जागा मानूस म्हून तुमीच एकले दिसले."