रविवारी भाऊ टेकडीवर चढतो

दर रविवारी सकाळी दहाला मी निशी-कसाईच्या आमच्या फ्लॅटमधून भावाला फोन लावते. तिकडे तेव्हा साडेसहा वाजलेले असतात. त्याचं गाव, म्हणजे माझं माहेर, गडचिरोलीच्या पार आत, जंगलाला लागून. गावात रेंज नाही. म्हणून तो अंधारातच उठतो, मागच्या टेकडीवर चढतो आणि दगडावर बसून माझ्या फोनची वाट बघतो. मी मुलीकडे जपानला आले तेव्हापासूनचं हे.

आता तुम्ही म्हणाल, यात लिहिण्यासारखं काय? सांगते. आमच्याकडे एका बाजूला जंगलातले बंदूकवाले, दुसऱ्या बाजूला पोलीस, आणि मध्ये गाव. चुलीवर भाताचा मोठा गंज दिसला, तरी कोणाला जेवू घातलं याचा जाब द्यावा लागतो. अशा गावात एकटा माणूस फोन घेऊन टेकडीवर चढतो म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. इथे राहून विसरले, दुसरं काय.

आधी पोलिसांनी त्याला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. हा परदेशातला नंबर कोणाचा? आठ दिवसांनी जंगलातल्यांनी गावासमोर उभं केलं. वर जाऊन कोणाला खबर देतोस? खबऱ्या ठरलेल्या माणसाचं काय होतं, ते मी माहेरी असताना पाहिलंय.

भाऊ मात्र फोनवर हसत सांगत होता. "दोघायलेही तेच सांगतलं बाई, माही मोठी बहीण हाये, लोणच्यात मीठ किती टाकू म्हून विचारते."

"मेल्या, हसतोस काय? आजपासून फोन बंद. चढू नकोस तू."

तो म्हणाला, "आता बंद नाही करता येत. दर रविवारी चढतो म्हून सांगून बसलो ना. थांबलो त मंग विचारतीन, आता काऊन थांबला?"



तेव्हापासून आम्ही जपून बोलतो. लोणचं, शेळी, माझे गुडघे. गावात कोण आलं, कोण दिसेनासं झालं, हे विचारायचं नाही. स्वतःच्या भावाशी बोलून दमायला होतं हो.

मागच्या रविवारी मला ताप होता. मुलगी म्हणाली, "आई, आज राहू दे ना. झोप थोडी."

म्हटलं, "मी झोपेन तितका वेळ तो तिथे उघड्यावर बसून राहील. दे फोन इकडे."