मधल्या रानातली खुर्ची

नानांवर मी लिहावं की नाही, हे अजून ठरत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि गेलेल्या माणसावर लिहिण्याइतकं माझं वयही नाही. वाचकांनी माफ करावं. पण शोकसभेत पुढाऱ्यांनी जे नाना उभे केले, त्यांना मी ओळखत नव्हतो. म्हणून हे धाडस...

नाना आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या गावचेच. दिल्लीत तैवानच्या कचेरीत त्यांनी बावीस वर्षं गाडी चालवली. शोकसभेत एकाने त्यांना परराष्ट्र खात्यातले अधिकारी केलं, दुसऱ्याने तैवानच्या दूतावासाचा आधारस्तंभ. नाना असते तर तिथेच थुंकले असते. तैवानचा आपल्याकडे दूतावासच नाही. दोन्ही सरकारांचे औपचारिक संबंध नाहीत, म्हणून कचेरीला नुसतं 'केंद्र' म्हणायचं. व्हिसा मिळतो, यंत्रं येतात, माणसं येतात-जातात. फक्त मोठ्या साहेबांना राजदूत म्हणायचं नाही. नाना एकदा गाडीचं दार उघडताना 'राजदूतसाहेब' म्हणाले, तर साहेब हसून म्हणाले, हळू. नानांना ते हसणं कधी विसरता आलं नाही. गावी येऊन त्यांनी पेरू लावला, तोही तैवान पिंक जातीचा. "रोपवाटिकेच्या पाटीवर हातभर अक्षरात तैवान लिवलंय," ते म्हणायचे. "पेरूला मान्यता हाय, मानसाला न्हाई."

पण गावात आल्यावर त्यांना पुन्हा तीच नोकरी मिळाली, एकमेकांना न मानणाऱ्यांमध्ये ने-आण करायची, आणि ती आम्ही दिली. बांधावरचं एक लिंबाचं झाड तोडल्यावरून माझे वडील आणि काका अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. विहीर मात्र सामाईक, आणि नानांचं दोन एकर रान आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये. संध्याकाळी नाना विहिरीपाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचे. काका एका बाजूने येऊन म्हणायचे, नाना, तिकडं सांगा, उद्या मोटर आमची. वडील दहा पावलांवर उभे असायचे, शब्दन् शब्द ऐकू यायचा, तरी ते पेरूच्या झाडाकडे बघत राहायचे. नानांनी मान वळवून तेच वाक्य पुन्हा म्हटलं की मग वडिलांना ऐकू येई. उत्तर त्याच वाटेने परत जाई. काकांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका नानांच्या हातून आली, तिच्यावर नाव नव्हतं. आहेरही तसाच, बिननावाचा गेला. वडिलांबद्दल असं लिहू नये, पण त्या दोघांची मला कीव कधी आली नाही. किळस यायची.

राज्यशास्त्राच्या सरांना मी हे सांगितलं. ते खूश होऊन म्हणाले, यालाच मुत्सद्देगिरी म्हणतात. मी सुट्टीत ते कौतुकाने नानांना ऐकवलं.

"कसली मुत्सद्देगिरी? तोंड उघडायची लाज वाटती, त्येला दिलेलं नाव हाय ते. भांडनारी मानसं बरी. भांडायला समोर कुनीतरी हाय, एवढं तरी मानावं लागतं."

आमची शेवटची भेट दिवाळीत झाली. नाना खुर्चीतच होते, खोकत होते. मग म्हणाले, "चूक माजी हाय. मी गाडी चालवली म्हनून ह्यांच्यावर चालायची पाळीच आली न्हाई... माज्यामागं ते तुला बसवतील हितं. शिकलेला हायेस ना. बसू नको." मी हो म्हटलं.

नाना गेले त्या सकाळी वडिलांचा नगरच्या वसतिगृहात फोन आला. "नाना गेले," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "तिकडं कळव." काकांचं घर आमच्या दारातून दिसतं. दोनशे पावलांवरची बातमी नगरला येऊन परत गेली, कारण ती नेणारा माणूसच मेला होता. तेवढा एक निरोप मी पोचवला. नानांचा होता म्हणून.

नानांना मूलबाळ नव्हतं. तिरडीला पुढे वडील आणि काका, मागे आम्ही पोरं. ओढ्यापाशी वडिलांचा खांदा भरून आला. शेजारी काका होते, हाताच्या अंतरावर. वडील मान मागे वळवून मला म्हणाले, "त्याला म्हनावं, खांदा बदल." काका समोर बघत चालत राहिले, त्यांना ऐकू आलंच नव्हतं. माझे ओठ हलले... पण मी बोललो नाही. तिरडी तशीच पुढे गेली. वडील स्मशानापर्यंत एकाच खांद्यावर भार घेत आले, आणि त्या दिवसापासून माझ्याशीही बोलायचे थांबले. आता मलाही निरोप आईकडून येऊ लागले. चुकलो की काय, असं रोज वाटायचं. नानांची खुर्ची कुणी हलवली नव्हती. तिच्यावर पेरूची पानं पडली होती, एवढं आईने सांगितलं होतं.

परवा दुपारी आईचा फोन आला. पाळी कुणाची हे कुणी कुणाला सांगितलं नाही, आणि दोघेही एकाच सकाळी मोटर सुरू करायला विहिरीवर गेले. आई हसत होती की रडत होती, मला कळेना.

"लई भांडले रं. तासभर. तुज्या बापानं भाऊजींचं नाव घेऊन शिव्या दिल्या."

समोरासमोर का, मी विचारलं.

"मंग? मधी निस्ती खुर्ची हुती."