माळवदावरची पांढरी

मी मराठी शिकवतो, म्हणून गेल्या उन्हाळ्यात आमचं घर गळलं.

मुरुम गावातल्या आमच्या घराला अजून मातीचं छत आहे, माळवद. दर उन्हाळ्यात त्यावर पांढरी माती अंथरून चोपावी लागते. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, जन्मभर हे केलं. गेल्या वर्षी गुडघ्यांमुळे त्यांना शिडीची दुसरी पायरीही चढवेना. थोरल्या भावाला, दादाला, पत्रे टाकायचे होते. अप्पा मला म्हणाले, "औंदा तू टाक. न्हाय गळलं तर माळवद राहील. गळलं तर दादा म्हणतो तसं पत्रे."

मी धाराशिवहून आलो (शब्दकोश घेऊन!). "अप्पा, पांढरी म्हणजे नुसती चुन्याची माती नव्हे. गाव वसतं ती जागाही पांढरी, आणि तिथले सगळे गावकरी मिळूनही पांढरी. रान ते काळी, गाव ते पांढरी."

"व्हय का," अप्पा म्हणाले. "पण आणायच्या आधी जिभेला लावून बघ. खारट लागली तरच आण. खाऱ्या मातीतून पाणी उतरत न्हाय."

आता मी प्राध्यापक माणूस. ट्रॅक्टरवाल्यासमोर माती कशी चाटणार? नव्या विहिरीच्या ढिगातली सगळ्यात शुभ्र, चुनखडीची माती मी नुसती बघून निवडली. चोपून चोपून हाताला फोड आले, पण माळवद असं उजळलं की मी त्याचे फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकले!

अप्पांनी वर चार घागरी पाणी ओतायला लावलं. मी वर, अप्पा आणि दादा खाली घरात चहा पीत. खालून दादाचा शांत आवाज आला, "मास्तर, च्यात पाणी लई झालं." मग, "आता डोक्यावर." मी उतरलो तेव्हा दादा घरात छत्री उघडून बसला होता आणि पत्रेवाल्याला फोन लावत होता. अप्पांच्या बंडीवर पांढरे ओघळ होते. ते छताकडं बघत होते, माझ्याकडं नाही. मला फार लाज वाटली.

"चाखली हुतीस?"

"नाही, अप्पा. लोक बघत होते."

अप्पा दादाला म्हणाले, "दोन दिस थांब." मी ती शुभ्र माती खरवडून काढली. मग अप्पा काठी टेकत मला ओसाड पडलेल्या जुन्या गावठाणावर घेऊन गेले. तिथं मी सात ठिकाणची माती चाखली, त्याच ट्रॅक्टरवाल्यादेखत. सातव्या वेळी माझं तोंड वाकडं झालं. अप्पांनीही चिमूटभर जिभेवर ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

ती माती अंथरून चोपली आणि पुन्हा चार घागरी ओतल्या. दादाच्या चहात थेंब पडला नाही. माळवद राहिलं.

पांढरीचे तिन्ही अर्थ मी वर्गात अजून सांगतो. फक्त सांगून झाले की मला चूळ भरावीशी वाटते.