भागोजीची फणसाची खोली

भागोजी गोताडाएवढा हट्टी माणूस मिरजोळ्याच्या एमआयडीसीत दुसरा आला नसेल, आणि आला असेल तर माझ्या शेडमध्ये तरी नाही. मी गंगाराम. पिकअपचे हौदे बनवतो, मोडलेले जोडतो. गिऱ्हाइकांशी गोड बोलायची मला सवय नाही. भागोजीला त्याचं काही नव्हतं, तो माझ्याकडे शिव्या खायलाच यायचा बहुतेक.

तीस वर्षं त्याने जांभ्याचे चिरे वाहिले. खाणीवर भरायचे, घर बांधणाऱ्याच्या दारात उतरवायचे. आधी दुसऱ्याच्या ट्रकवर, मग स्वतःच्या छोट्या पिकअपवर. त्यामुळे वजनाचं माप त्याला एकच ठाऊक. कोणी जाडा झाला की हा बोलणार, "तीन चिऱ्यांचा झालाय बघ."

घरात एकटा. बायको, विमला, तीन वर्षांपूर्वी डोंबिवलीला मुलाकडे गेली. संदेश आणि सून दोघंही नोकरीला, नात आरोही तान्ही, मग आजी नाही तर कोण बघणार? सहा महिन्यांसाठी म्हणून गेली ती तिकडचीच झाली. हाही एकदा राहून आला. एक खोली आणि स्वयंपाकघर. रात्री सगळ्यांची अंथरुणं पडली की भागोजी बाल्कनीत, वॉशिंग मशीनला पाय लावून. नवव्या दिवशी परत आला. मला बोलला, "मला ठेवायला जागाच नाय रे त्यांच्याकडे."

दिवाळी झाल्यावर एक दिवस गाडी घेऊन शेडमध्ये आला. "गंगाराम, हौद्यावर एक खोली बसव."

"कसली खोली?"

"राहायची. संदेशच्या बिल्डिंगखाली गाडी लावणार. पोर झोपली की विमल खाली येईल. दोन माणसांना कितीशी जागा लागते?"

मला हसायला आलं होतं, पण त्याच्या तोंडाकडे बघून गिळलं. म्हटलं, बरं, पत्र्याची करू. हलकी होईल, गाडीही ओढेल.

"पत्र्याच्या डब्यात झोपवू तिला? परड्यातला फणस पाडलाय. फळ्या कापून आणल्यात."

आता याला काय बोलायचं! आमच्याकडे घर म्हटलं की दाराची चौकट फणसाची हवी, हे मलाही मान्य. पण ते घर जमिनीवर असतं. मी डोकं आपटून घेतलं. वजनकाट्यावर चल म्हटलं, तर आला नाही. फळ्या एकेक उचलून त्यानेच सांगून टाकलं, "तीसच्या वर जात नाय. ही गाडी पस्तीस चिरे नेते."

"मेल्या, चिरा हौद्यात तळाला बसतो! तुझी खोली डोक्यावर उभी राहणार. मागे दोन फूट बाहेर येणार. पुढची चाकं हलकी पडतील, वळणावर कलंडशील."

"सावकाश जाईन."

महिनाभर काम चाललं. मी मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगला जास्तीचे पाटे घातले, चारही कोपऱ्यांना साखळ्या लावल्या. आत समोरासमोर दोन बाकडी, झोपायला. तिच्या बाजूला खिडकी, कारण बंद जागेत तिचा जीव घाबरतो. ती खिडकी त्याने तीनदा काढून बसवून घेतली. खरं सांगतो, खोली सुरेख झाली. माझी बायको बघायला आली ती आत बसून राहिली, उठेना.

निघायच्या दिवशी मीही सोबत बसलो. खेडपर्यंत येतो म्हटलं, तिथून एसटीने परत. काळजी होती, दुसरं काय. सकाळी लवकर निघालो. हातखंब्याच्या पुढेच स्टेअरिंग पाण्यावर फिरवल्यासारखं लागायला लागलं. निवळीच्या वळणांवर खोली एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला. मी दोन्ही हातांनी दार धरून बसलेलो आणि हा तोंडाने "गप गो, गप" करतोय, गाडीला.

चिपळूण गेलं. परशुराम घाट लागला आणि गाडीने हात टेकले. पहिला गिअर, अर्धा क्लच, गाडी जागच्या जागी थरथरते. क्लचप्लेट जळाल्याचा वास आला. मग मागे सरकायला लागली. मी उडी टाकली आणि चाकामागे दगड घातला. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून कान फोडत होते.

"एक बाकडं काढू," मी बोललो. "तिचं काढ, तिथे गेल्यावर बघू."

त्याने पाना घेतला आणि स्वतःचं काढलं. मी विचारलं, मग तू कुठे झोपणार? "पुढे सीटवर." मी असा तापलो! बाकडं रस्त्याच्या कडेला ठेवलं, पुन्हा गाडी चालू केली. चार हात गेली आणि पुन्हा तेच.

तेव्हा मी विचारलं, "वहिनींना माहीत आहे ना, तू येतोयस ते?"

तो हातातला पाना पुसायला लागला. एवढा महिना फणस तासला, खिडकी तीनदा बसवली, आणि जिच्यासाठी केलं तिला विचारलंच नव्हतं. मी त्याच्याच मोबाइलवरून नंबर लावला, स्पीकर चालू करून त्याच्या हातात दिला. त्याने सगळं सांगितलं. गाडी, खोली, खिडकी.

मग वहिनी सुटल्या. "मला विचारलंत? फणस पाडलात? माझ्या सासूने लावलेला फणस! आणि मी दिवसभर पोरीमागे धावून रात्री चार जिने उतरायचे, तुमच्या पेटीत झोपायला? बिल्डिंगमधले लोक काय म्हणतील? अहो, मला पाठ टेकायला मिळते तेवढीच एक वेळ. ती तरी मला एकटीला असू दे. गाडी फिरवा आणि घरी जा. त्या घाटात मेलात म्हणजे?" मध्येच रडल्या, पुन्हा ओरडल्या, मग पोर उठली म्हणून फोन ठेवला.

मला त्याच्याकडे बघवेना. तीन वर्षांची आशा माणसाची, अशी रस्त्यात सांडली. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "रागाच्या भरात बोलल्या रे. मनावर घेऊ नकोस."

भागोजी मोबाइलकडे बघत होता. डोळे भरलेले, आणि तोंडावर हसू.

"रोज फोन करते ती," तो बोलला. "जेवलात का, गोळी घेतलीत का, बरं ठेवते. पाव्हण्याशी बोलावं तसं. आज भांडली रे, गंगाराम. तीन वर्षांनी माझ्याशी भांडली."