घळीतलं घर आणि सरजाबाई

उदगीरच्या वाटेवर एक खोल घळ आहे. तळाशी बारमाही झरा आणि झऱ्याच्या अंगाला दगडी घर. ते घर सरजाबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं, नरसिंगनं बांधलं. बौद्ध झाल्यावर दोघांनी गावकीची कामं सोडली, तेव्हा गावानं त्यांना विहीर बंद केली. मग दोघं घळीत उतरली आणि तिथलाच दगड फोडून तीन उन्हाळ्यांत घर उभं केलं.

बहात्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरी ठणठणीत कोरड्या पडल्या. आता तेच गाव घागरी घेऊन घळीत उतरलं. सरजाबाईनं एकालाही परत पाठवलं नाही. त्याच उन्हाळ्यात, खडी फोडायच्या कामावर ऊन लागून नरसिंग गेला.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. घळीच्या काठानं डांबरी सडक आली, मोजणी झाली, आणि घर गायरानात निघालं. सरजाबाईला भांड्याकुंड्यांसकट बाहेर काढलं. वर्षभरात मात्र तेच घर गावातल्या गुरुपादप्पाच्या नावावर लागलं. त्यानं तिथं खानावळ काढली आणि घर जुन्या नवाबाच्या शिकारीचं असल्याची पाटी ठोकली: ‘नवाबी शिकारखाना’.

हे कानावर आलं तशी सरजाबाई तरातरा घळ उतरली. गुरुपादप्पानं तिला दारातच अडवलं. बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप त्यानं पुढं केला.

“चहा घे, सरजे. हितंच बस.”

तिच्या अंगाची लाही लाही झाली.

“कुन्या नवाबाचं रं घर? हितला एकेक धोंडा म्या डोक्यावर वाह्यलाय! दुष्काळात तुझी माय माझ्या हातचं पानी घिऊन गेली, तवा घागर येगळी न्हवती!”

गिऱ्हाइकांचे घास हातातच राहिले. ती सरळ आत शिरून बाकावर बसली.

“ताट वाढ.”

“ऊठ आधी!” गुरुपादप्पा खेकसला.

चुलीपासून त्याची आई गुरम्मा उठली. “खरं बोलायली ती,” म्हणत तिनं स्वतःच्या हातानं भाकरी, वरण वाढलं. लेकाकडं पाहिलंसुद्धा नाही.

सरजाबाई सावकाश जेवली. हात धुऊन म्हणाली, “ताट दिलंस, गुरम्मा. माझं घर कोन देनार?”



सरजाबाईनं नव्या जिल्ह्याच्या कचेरीत अर्जामागून अर्ज दिले. साहेब बदलत गेले. प्रत्येकानं तिच्याकडं मालकीचा कागद मागितला, गुरुपादप्पाचा कागद कुठून आला हे एकानंही विचारलं नाही. मरेपर्यंत घर काही तिला मिळालं नाही.