वडाळी तलावातलं शीड

समुद्रापासून शेकडो मैल लांब, अमरावतीच्या कॉलेजात एन.सी.सी.ची नौदल तुकडी काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते अंगावर येऊन पडतात. आमच्या तर खरोखरच पडायचे, शिडासकट. साठ-एकसष्ट सालची गोष्ट.

*

वडाळीच्या तलावावर ट्रकमधून बोट उतरली, त्या दिवशी बघ्यांची ही गर्दी! एका म्हाताऱ्याने तिच्याभोवती पूर्ण फेरी मारली आणि विचारलं, "सारं ठीक हाये. पण बैल कुठं जुंपता?"

आम्हाला शिकवायला आलेले सावंत मास्तर मालवणचे, नौदलातून निवृत्त झालेले. ते सरळ चहा प्यायला निघून गेले.

*

शीड चढवणं आठवड्यात जमलं. उतरवणं काही जमेना. दोर सोडला की सगळं कापड धपकन डोक्यावर. खाली पाच जण आंधळे आणि बोट थेट शिंगाड्याच्या वेलांत. शिंगाडेवाल्यांच्या शिव्या वेगळ्याच.

"शीड उतरवता की अंथरूण घालता?" मास्तर विचारायचे.

*

त्यातच पत्र आलं. मुंबईहून अधिकारी तपासणीला येणार, आणि शीड नीट उतरवता आलं नाही तर बोट नागपूरच्या कॉलेजला जाणार. नागपूरला!

आमच्यातला वलगावचा, गवई आडनावाचा पोरगा चार शब्दांत दिवस काढणारा. तो म्हणाला, "बोट जात नसते."

दुसऱ्या दिवशी त्याने डोलकाठीच्या वरून, शिडाच्या दोन्ही बाजूंनी दोर खाली आणले आणि शिडाखालच्या आडव्या काठीला बांधले. म्हणजे उतरणारं कापड दोरांच्या मधेच थांबेल. मास्तरांनी विचारलं, "हे कुठून काढलंस?"

"दोर बांधले का आमच्या बैलगाडीतून कापूस नाई सांडत सर. मंग हे कापड कावून सांडन?"

*

पण आता चढवतानाच शीड त्या दोरांत अडकायला लागलं. गवई हटला नाही. होस्टेलच्या झेंड्याच्या खांबाला त्याने तसेच दोर बांधले आणि पंधरा दिवस एक सतरंजी वर-खाली करत राहिला.

रेक्टरांनी विचारलं, "काय करून राहिला रे?"

"बोट वाचवून राहिलो सर."

शेवटी कळलं, चढवताना दोर ढिले सोडायचे आणि बोटीचं तोंड वाऱ्याकडे ठेवायचं. मला तेव्हा त्या चिकाटीचा हेवा वाटायचा. खरं सांगतो, आजही वाटतो.

*

तपासणीच्या दिवशी वारा जोराचा होता. अधिकारी स्वतः बोटीत बसले, पांढऱ्याशुभ्र कडक गणवेशात. हुकूम झाला. गवईने दोर सोडला आणि शीड सरसर खाली येऊन दोरांच्या मधे नीट बसलं. काठावर मास्तरांचे डोळे भरून आले.

अधिकाऱ्यांनी ते दोर चाचपून पाहिले. "हे आमच्या पुस्तकात नाहीत. काढून टाक आणि पुन्हा उतरव."

 गवईने दोर काढले, शीड चढवलं आणि उतरवलं.

अधिकारी दिसेनासे झाले. मग कापडाखालून आवाज आला, "बांध ते दोर. बोट राहू दे इथंच."

"हो साहेब," गवई म्हणाला. "पण पयले तुमाले काढतो."